बिघडवण्याआधीची एक ओळ

एकदा एक शिष्या आपल्या गुरूकडे गेली आणि म्हणाली, "सर, मला मागे जायला शिकवा." पुढे जायला शिकवा म्हणणारे विद्यार्थी पुष्कळ, ही मागणी मात्र नवीन होती. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिला बसायला स्टूल दिलं.

शिष्येचं नाव हेमांगी तांडेल. तिचे वडील खाडीत प्रवासी होडी चालवत. गुरू म्हणजे मयेकर सर. उभा जन्म शहरात संगणकाचे प्रोग्राम लिहून गावी परतलेले आणि धक्क्याजवळच्या खोलीत येईल त्याला शिकवणारे. ओहोटीला ही खाडी आटते, मग उरतो तो नुसता चिखल. म्हणून हेमांगीने धक्क्यावर दिव्यांचा एक फळा बसवला होता. भरतीच्या वेळा पाहून, होडी कधी सुटेल ते तो दाखवायचा. पोरीचं कौतुक तरी किती झालं! पण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास त्या फळ्याला काय व्हायचं कोण जाणे, भलतीच वेळ दाखवायचा. मागच्या अमावास्येला एक आजारी म्हातारी त्याच्यावर विसंबून धक्क्यावर आली, तर खाडीत पाणीच नाही. बिचारी सकाळभर उन्हात बसून राहिली. ते आठवलं की हेमांगीला अजून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता उद्या पुन्हा अमावास्या, त्यात गावच्या मुलांची पैलतीरावर दहावीची परीक्षा. वडिलांनी सकाळीच सुनावलं होतं, "तो फळो उतरव, नायतर सारको कर. लोका माका बोलतत."

"मग दुरुस्त का करत नाहीस?" सरांनी विचारलं.

"भीती वाटते, सर. मागे हात लावला तर होता तोही बंद पडला."

या भीतीपोटी तिने फळा चालवणाऱ्या एकाच फाइलच्या किती प्रती करून ठेवल्या होत्या! 'फळा', 'फळा नवा', 'फळा नवा खरा', 'हात लावू नये'. सर पोट धरून हसले. "अगं, यातला चालतो तो कुठला?" पाहून पाहून शेवटी तिने एकावर बोट ठेवलं.

सरांनी माऊस बाजूला सारला आणि पडद्यावर टर्मिनलची काळी खिडकी उघडली. "या प्रोग्रामचं नाव गिट. तुझी फाइल तू सांगशील त्या क्षणी जशी असेल, तशी तो जपून ठेवतो. त्याच्याशी बोलायचं ते इथे, टाइप करून."

हेमांगीने 'गिट इनिट' लिहिलं, म्हणजे या फोल्डरवर आजपासून लक्ष ठेव. मग 'गिट अ‍ॅड', म्हणजे ही फाइल घे. मग 'गिट कमिट', म्हणजे आता जपून ठेव. सोबत एक ओळ लिहायची होती, काय जपतो आहोत ते सांगणारी. तिने लिहिलं: चालतो, पण अमावास्येला चुकतो.

"छान," सर म्हणाले. "आता बिघडव."

"काय?"

"फाइल. मनसोक्त बिघडव."

तिने घाबरत एक स्वल्पविराम पुसला. प्रोग्राम ठप्प! सरांनी 'गिट रिस्टोअर' लिहायला सांगितलं, आणि फाइल क्षणात पूर्ववत. "अगं बाई!" असं म्हणून तिने पुन्हा काहीतरी मोडलं, पुन्हा जोडलं. मग मात्र तिची भीड चेपली. अक्षरं उलटी केली, रंग बदलले, आणि बघू या तरी काय होतं म्हणून तारखेचा सगळा हिशोबच उडवून लावला.

पडद्यावर उद्याची वेळ आली. तिने भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिलं. तंतोतंत! "सर, सापडलं! अमावास्येला भरती मध्यरात्री येते. ती आजची की उद्याची, यात माझा प्रोग्राम गोंधळत होता. दिवस मोजायचेच नाहीत, भरतीमागून भरती मोजायची!"

आनंदाच्या भरात ती म्हणाली, "थांबा, बाकीचा पसारा आवरते," आणि तिने 'गिट रिस्टोअर' लिहिलं. सरांना ते दिसत होतं. त्यांचे ओठ किंचित हललेही, पण ते बोलले नाहीत. तिने बटण दाबलं. पसारा गेला, आणि त्याच्याबरोबर दुरुस्तीही गेली.

हेमांगीचे डोळे भरून आले. "तुम्ही बघत होतात! थांबवलं का नाही? उद्या पोरांची परीक्षा आहे, सर!"

सर शांतपणे म्हणाले, "थांबवलं असतं तर आजची फाइल वाचली असती, आणि हीच चूक तू उद्या घरी एकटीने केली असतीस. मागे जायची वाट आहे, पण ती आपण जपून ठेवलेल्या जागेपर्यंतच जाते. सापडलेलं सोनं कुठलं आणि कचरा कुठला, हे यंत्राला कसं कळावं बाई? ते आपण सांगायचं, आणि सापडल्या क्षणी सांगायचं. बाकी तुझं गेलं काय? चार ओळी. त्या का लिहायच्या, ते तर तुझ्याजवळच आहे."

ती रागातच पुन्हा लिहायला बसली. या खेपेला वेळ तंतोतंत जुळली तेव्हा तिने आनंदही आवरून धरला, आधी जपणुकीच्या आज्ञा दिल्या. सोबत ओळ लिहिली: दिवस मोजू नयेत, भरती मोजावी. मग जुन्या साऱ्या प्रती स्वतःच्या हाताने पुसून टाकल्या. 'हात लावू नये' सुद्धा.

दुसऱ्या दिवशी मुलं फळ्यावरच्या वेळेला आली, भरल्या पाण्यातून पलीकडे गेली. संध्याकाळी हेमांगी पुन्हा खोलीत हजर.

"वडील काय म्हणाले?" सरांनी विचारलं.

"म्हणाले, फळो ऱ्हवांदे."

एवढं सांगून तिने काळी खिडकी उघडली, कालचं सारं नीट जपलेलं आहे ना ते पाहून घेतलं, आणि सरांकडे वळून म्हणाली, "सर, आज काय बिघडवू?"