चाळीस नावांची जुडी

एका राज्यात एक नियम होता, आणि त्या नियमाला 'का' म्हणून विचारायचं नाही, हाही नियमच होता. दर सात वर्षांनी राजा चाळीस ताडपत्रांवर चाळीस अधिकाऱ्यांची नावं लिहवून घेई, लाल दोऱ्यानं त्यांची जुडी बांधी आणि वृद्धसभेकडे पाठवी. जुडी सोडायची नाही. नावं वाचायची नाहीत. सभेतली साळुंकी विचारी, "जुडी मान्य?" सगळ्यांनी एका तोंडानं "मान्य" म्हणायचं, की दुर्गपालापासून सुइणीपर्यंत चाळीसही जण पदावर बसत. मग सभा जेवायला उठे.

शाल्मलीला हा नियम वडिलांनी शिकवला होता. ते वारले आणि त्यांचं आसन तिच्याकडे आलं. बाकीचे सारे साठीच्या पलीकडचे; ती बावीस वर्षांची, राजधानीच्या विद्यापीठातून नुकतीच बाहेर पडलेली.

मागच्या जुडीतून तिच्या गावाला, कोरलला, एक तलावरक्षक मिळाला होता. त्याला आधी कुणी पाहिलं नव्हतं. तो काठावर येऊन बसला, उन्हापावसात तसाच बसून राहिला, आणि त्या वर्षापासून तलावाचं पाणी जो प्याला त्याचा आवाज गेला. आधी गुरं मुकी झाली, मग माणसं; शाल्मली राजधानीत शिकत होती म्हणून वाचली. शाल्मलीची धाकटी बहीण इंदुली जात्यावर बसली की अर्धं गाव तिच्या ओव्यांनी जागं व्हायचं. आता नुसती जात्याची घरघर उरली होती.

गावाबाहेर राहणाऱ्या, पावसाचंच पाणी पिणाऱ्या आंधळ्या तपस्विनीनं शाल्मलीला सांगितलं, "तो माणूस मातीचा आहे. एका मांत्रिकानं घडवला आणि जुडीत सरकवला. याही वेळी त्याचं पान जुडीत आहे. दुसऱ्यांदा मान्यता मिळाली, तर गेलेले आवाज गेलेच."

सभेचा दिवस आला. भर दुपारी जुडी मधोमध ठेवली. अंगणात चाळीस जण नेमणुकीची वाट पाहत उभे होते. त्यांत तो तलावरक्षकही होता. इंदुली बाहेरच्या पायरीवर बसली होती.

"जुडी मान्य?" साळुंकीनं विचारलं.

"मान्य," सारे म्हणाले.

"नाही," शाल्मली म्हणाली.

सभाप्रमुख गर्गदत्त तिचे थोरले काका. त्यांनी डोळे मिटले. "पोरी, सगळ्यांना भुका लागल्यात."

"एक नकार झाला," साळुंकी म्हणाली. "तीन झाले तर दोरा तुटतो, मग एकेक नाव वेगळं घ्यावं लागतं. पण नकाराला किंमत पडते." तिचं बोलणं संपायच्या आत शाल्मलीची वेणी शेंड्यापासून मुळापर्यंत पांढरी झाली.

"घ्या! शिकल्याचा फायदा," वामनभट म्हणाले. ते सभेतले सर्वांत वयोवृद्ध. मग त्यांचा आवाज उतरला. "ऐक. या जुडीत वैद्य आहेत, सुइणी आहेत. एका नावापायी एकोणचाळीसांना अडवतेस? उद्या कुणाचं लेकरू तापानं गेलं, तर ते कुणाच्या माथी?"

शाल्मलीनं अंगणाकडे पाहिलं. हे खोटं नव्हतं. अंगणात पेटी घेऊन उभा असलेला म्हातारा वैद्य तिला दिसत होता.

"मग त्या वैद्याचं नाव घ्या आणि त्याला मान्य म्हणा," ती म्हणाली. "चांगले जितके असतील तितक्या वेळा म्हणा."

"चाळीस वेळा? घसा कोरडा पडेल."

"माझ्या गावाचा सात वर्षं पडलाय, वामनभट."

"जुडी मान्य?" साळुंकीनं पुन्हा विचारलं.

"नाही."

या वेळी बाहेरून काहीच बदललं नाही. पण शाल्मलीला वडील आठवेनासे झाले. त्यांचं पागोटं आठवे, हात आठवत, चेहऱ्याच्या जागी मात्र काही नव्हतं. ती आसनाला धरून उभी राहिली.

"आता तिसऱ्याची किंमत?" तिनं विचारलं.

"ठाऊक नाही. तिथवर कुणी गेलेलं नाही."

"खाली बस, शाल्मली," गर्गदत्त हळूच म्हणाले. "तुझा बापही एकदा असाच उठला होता. पहिल्या नकारानंतर खाली बसला."

तिला वडिलांचे केस आठवले. ऐन पंचविशीत ते पांढरेशुभ्र झाले होते. घरात कुणी विचारलं की ते विषय बदलत.

"जुडी मान्य?"

"नाही, काका," ती म्हणाली. "नाही."

लाल दोरा तुटला आणि ताडपत्रं फरशीवर पसरली. साळुंकीनं एक पान चोचीनं उचललं आणि पुढे ठेवलं. "कोरलचा तलावरक्षक. आत यावं. याला ओळखणारा कुणी आहे?"

तो आत येऊन उभा राहिला. कुणी पुढे आलं नाही. मातीचा माणूस इतरांच्या नावांना टेकूनच उभा असतो. एकटा पडला की त्याला उभं राहता येत नाही. त्याचे आधी गुडघे भुरभुरले, मग खांदे. थोड्या वेळानं तिथं ओंजळभर ओलसर माती उरली.

बाहेर पायरीवरून घोगरी, गंजल्यासारखी हाक आली, "ताई?"

शाल्मलीची वेणी पांढरीच राहिली. वडिलांचा चेहराही परत आला नाही. तिसऱ्या नकारानं काय नेलं, ते तिला अजून कळलं नव्हतं.

गर्गदत्त उठले. त्यांनी तुटलेला दोरा उचलला, दोन्ही टोकांना गाठ मारली आणि पानं गोळा करू लागले. "झालं ना तुझ्या मनासारखं? आता उरलेली एकोणचाळीस बांधू या. जेवणं खोळंबलीत."

"नाही," शाल्मली म्हणाली.

या नकाराला काहीच किंमत पडली नाही. साळुंकीनं दुसरं पान उचललं, म्हाताऱ्या वैद्याचं नाव वाचलं आणि विचारलं, "याला ओळखणारा कुणी आहे?"

शाल्मलीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. वामनभट वैद्याकडे बघत राहिले, गर्गदत्तांच्या हातातला दोरा खाली पडला, आणि आजवर नावं न वाचताच मान्य म्हणत आलेल्या सभेत त्याला ओळखणारं कुणीच निघालं नाही.