रस्त्यावरून पाहिलेलं पीक

माळकोंड नावाच्या पेठेत हैबती नावाचा एक माणूस राहत होता. त्याचा धंदा लहान होता, पण मान मोठा होता, कारण पेठेतला भाव त्याच्या शब्दावर ठरत असे.

दरवर्षी पौष महिन्यात ज्वारीची कणसं भरू लागली की हैबती आजूबाजूच्या गावांतून फिरून येई. मग बाजाराच्या दिवशी चावडीच्या ओट्यावर उभा राहून पिकाची आणेवारी सांगे. सोळा आणे म्हणजे शिवारभर भरघोस पीक, आठ आणे म्हणजे अर्धंच. त्याने पीक चांगलं सांगितलं की भाव उतरत आणि लोक जुनं धान्य विकायला काढत. वाईट सांगितलं की भाव चढत आणि जो तो आपलं धान्य जपून ठेवी. वीस वर्षांत त्याचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

सुरुवातीला तो प्रत्येक शेतात उतरायचा. कणीस तळहातावर चोळायचा, फुंकर मारून दाणे पाहायचा. पुढे वय झालं, दारात घोडी आली. अंदाज बरोबर येत गेले, तसं त्याला वाटू लागलं की आपल्याला आता लांबून पाहूनही कळतं.

त्या वर्षी पेरणीच्या वेळी पाऊस चांगला झाला होता. हैबती नदीकाठच्या रस्त्याने घोडीवरून फिरला. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तिच्यात पुरुषभर उंच ज्वारी आणि बांधाकडेने पिवळीधमक करडई. त्याने येऊन सांगितलं, "यंदा चौदा आणे पीक आहे. ज्वारीचंही आणि करडईचंही."

त्याच सुमारास घाटाखाली भात बुडालं होतं आणि तिकडचे व्यापारी ज्वारी मागायला पेठेत आले होते. नवं पीक उदंड येणार म्हटल्यावर जुनं कशाला ठेवायचं, असा विचार करून लोकांनी पेवं उघडली. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. ते एकदा उघडलं की आतलं धान्य फार दिवस टिकत नाही. करडईचा भावही उतरला, कारण तेली म्हणाले, नवी आल्यावर स्वस्तात घेऊ. पेठेतले मोठे आडते मन्मथप्पा यांनी तर घाटाखालच्या व्यापाऱ्यांना दोनशे गाड्या ज्वारी द्यायचा शब्द दिला.

चार दिवसांनी हैबती नातवाच्या बारशाला लेकीच्या सासरी गेला. तिचं गाव नदीपासून दूर, वर माळावर होतं. तिथे रस्ता नव्हता, म्हणून घोडी खाली ठेवून तो पायी चढला.

त्याची विहीण मैनाबाई शेतातून येत होती. रामराम झाल्यावर तिनं विचारलं, "व्याही, पेठेत चौदा आणे पीक तुम्हीच सांगितलं का?"

"हो. का हो?"

"काही नाही. आमच्या शेतात या जरा."

हैबती शेतात उतरला. ज्वारी उभी होती, कणसंही आली होती. त्यानं एक कणीस मोडून तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. सगळं भूस उडालं. हातावर पाच-सहा दाणे राहिले, तेही पोचट. त्यानं दुसरं कणीस चोळलं, मग तिसरं. करडईच्या शेंड्यांवर काळा मावा पडला होता आणि पानं चिकट झाली होती.

मैनाबाई म्हणाली, "माळाची जमीन पातळ. आतली ओल लवकर संपली. वर पंधरा दिवस आभाळ भरून राहिलं, त्यानं मावा आला. खालून जाणाऱ्याला हे दिसायचं नाही."

बारसं उरकलं. हैबती लगेच पेठेकडे पळाला नाही. एकदा न पाहता बोललो, आता दुसऱ्यांदा तरी पाहून बोलू, असं त्यानं ठरवलं. पाच दिवस तो माळावरची गावं पायी फिरला. अकरा गावांत सगळीकडे तेच होतं. आणि पेठ जी ज्वारी खाते, तिच्यातली निम्मी माळावरून येते, हे त्याला ठाऊक होतं.

परत आल्यावर तो आधी मन्मथप्पांकडे गेला आणि घडलं ते सगळं सांगितलं.

मन्मथप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हैबती, परवाच्या बाजारानंतर गाड्या निघतील. तोवर गप्प राहा. सुगीत पीक कमी भरलं तर आभाळ आलं म्हणू. आभाळाला कोण जाब विचारतो?"

"आप्पा, मी शेत न पाहता बोललो, त्याआधीच आभाळ येऊन गेलं होतं."

"घाटाखालचीही माणसंच आहेत. त्यांनी खायचं काय?"

"त्यांनाही द्यावं. पण आपल्याकडे खरंच किती आहे ते कळल्यावर."

"आणि तुझं काय होईल? वीस वर्षांचं नाव एका दिवसात जाईल."

हैबती उठून घरी गेला.

बाजाराच्या दिवशी तो ओट्यावर उभा राहिला. लोक जमले. तो म्हणाला, "मी चौदा आणे सांगितलं ते चूक होतं. नदीकाठी चौदा आहे. माळावर चार आणेसुद्धा नाही. मी रस्त्यावरून पाहिलं, शेतात उतरलो नाही. ज्यांनी पेवं उघडली नसतील त्यांनी उघडू नयेत. ज्यांच्याकडे धान्य उरलंय त्यांनी विकू नये."

गर्दीतून सुभान मुलाणी पुढे आला. त्याचं घर अकरा माणसांचं होतं. "हैबतीअण्णा, तुमच्या शब्दावर मी पेव उपसलं. सगळं विकलं. आता माझ्या पोरांनी काय खायचं?"

हैबती म्हणाला, "तुझं खरं आहे. चूक माझी आहे."

लोक बरंच बोलले. कुणी म्हणालं, म्हातारा झाला. कुणी म्हणालं, आडत्यांशी संगनमत असेल. तो खाली मान घालून ऐकत राहिला.

तासाभरात भाव चढला. दोनशे गाड्यांऐवजी नव्वदच गाड्या घाट उतरल्या. दिलेल्या शब्दापायी मन्मथप्पांना त्यातल्या बऱ्याच स्वतःच्या वखारीतून भराव्या लागल्या आणि त्यांनी हैबतीशी बोलणं सोडलं. दुसऱ्या दिवशी हैबतीनं आपलं पेव उघडलं आणि त्यातली निम्मी ज्वारी सुभानच्या घरी पोचवली. सुभाननं ती घेतली, पण आभार मानले नाहीत.

सुगी आली. माळावर खळी जवळजवळ रिकामी राहिली. उन्हाळा कठीण गेला, तेल महागलं, भाकरी लहान झाली. पण पेठेत ज्वारी होती. माळावरची माणसं गाव सोडून गेली नाहीत.

पुढच्या पौषात आणेवारी काढायला कुणाला पाठवावं, असा प्रश्न आला. हैबती म्हणाला, "दुसरा कुणी पाहा." तेव्हा सुभानच म्हणाला, "यांनाच जाऊ द्या."

हैबती महिनाभर फिरला. ओट्यावर उभा राहून म्हणाला, "नदीकाठ बारा आणे. माळ नऊ आणे. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात मी पोचलो नाही, तिथलं मला माहीत नाही."

'माहीत नाही' हे शब्द त्या ओट्यावरून आजवर कुणी ऐकले नव्हते. मग मन्मथप्पा उठले. वर्षभरानंतर पहिल्यांदाच ते हैबतीशी बोलले.

"खोऱ्यात माणूस मी पाठवतो," ते म्हणाले. "तो येईपर्यंत माझे सौदे बंद."

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर चार घरांची भाकरी ठरते, त्यानं न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगू नये, आणि चुकून सांगितलंच, तर ते खोडायला सगळ्यांच्या आधी त्यानंच उभं राहावं.