माहेरची दुरडी

एका गावात हैबती नावाचा एक भोळा माणूस होता. भोळे गावात आणखीही होते, पण त्यांना ते ठाऊक नव्हतं. हैबतीला ठाऊक होतं. म्हणून तो स्वतःच्या डोक्याने काही करायचा नाही. सांगितलं तेवढंच करायचा.

त्याची बायको भामा. लग्नानंतर भामाच्या आईने तिच्या सोबतीला एका दुरडीतून मांजरीचं पिल्लू पाठवलं होतं. त्याचं नाव बकुळी. भामाचा बकुळीवर जीव आणि बकुळीचा भामावर. पण वर्ष झालं आणि भामाला शिंका सुरू झाल्या. डोळे लाल, नाक वाहतं, रात्री छातीत शिट्टी.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की भामाला मांजर सोसत नाही, यात दोष कुणाचाच नाही. मांजर अंग चाटतं, ती लाळ केसांवर वाळते, कोंड्यासारखी उडते आणि कपड्यांत, वाकळांत जाऊन बसते. मांजर गेल्यावरसुद्धा बरेच दिवस घरातून जात नाही. बकुळीला देऊन टाकायचं म्हणताच भामा रडायला लागली. तेव्हा बाई म्हणाल्या की मग निदान तिला अंथरुणावर येऊ देऊ नका.

हैबतीने घरी येऊन अंथरूण गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं. भामा जमिनीवर झोपली. बकुळी भामावर झोपली.

भामा म्हणाली, "अहो, अंथरूण नाही काढायचं. अंथरुणावर जो चढेल त्याला उचलायचं, बाहेर ठेवायचं आणि आतून कडी लावायची."

"अस्सं होय. पुढच्या वेळी तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी उन्हातून गयामावशी आली. भामा नदीवर गेली होती. मावशी दमलेली, आल्या आल्या अंथरुणावर आडवी झाली. हैबतीने तिला उचललं, बाहेर ठेवलं आणि आतून कडी लावली. भामा धुणं घेऊन आली तेव्हा मावशी पायरीवर बसून हैबतीच्या बापापासून शिव्यांना सुरुवात करून खाली येत होती.

भामाने तिची समजूत काढली आणि नवऱ्याला सांगितलं, "बाहेरून कुणी दमून आलं तर या म्हणावं. मऊ अंथरूण घालावं, उशाला उशी द्यावी."

"पुढच्या वेळी तसंच करतो."

संध्याकाळी बकुळी उंदरामागे धावून दमून आली. हैबती या म्हणाला. मऊ अंथरूण घातलं, उशाला उशी दिली. उशी भामाची होती. त्या रात्री भामाच्या छातीतली शिट्टी शेजारच्या घरापर्यंत ऐकू गेली.

सकाळी भामा धापा टाकत म्हणाली, "अहो, बाहेरून आलं की आधी ओल्या फडक्याने पुसायचं. पडवीतच ठेवायचं. वाटीत दूध द्यायचं. उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही."

"पुढच्या वेळी तसंच करतो."

भामाचं दुखणं ऐकून तिचा भाऊ आबा आला. हैबतीने त्याला पडवीत धरला आणि ओल्या फडक्याने पुसला. कानामागेही पुसला. मग वाटीत दूध ठेवलं. आबा लांबून चालत आला होता. आधी दूध प्याला, मग रागावला.

"दाजी, माझी बहीण श्वासाला महाग झाली आणि तुम्ही माझे कान पुसताय? हिला मी घेऊन चाललो. हे मांजर आहे तोवर परत धाडणार नाही."

भामाशिवाय हैबतीला काय करायचं ते सांगणारं कोण होतं?

भामाने डोळे पुसत गाठोडं बांधलं. बांधता बांधता म्हणाली, "आईची दुरडी माळ्यावर आहे, ती द्या बरोबर. आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये. त्यातून जे आलं होतं त्याच्या तोडीचं काहीतरी घाला."

हैबतीने गूळ पाहिला, शेंगा पाहिल्या, नवी घोंगडी पाहिली. बकुळीच्या तोडीचं घरात काहीच नव्हतं. तेव्हा त्याने दुरडीत बकुळीच घातली, वर फडकं बांधलं आणि दुरडी आबाच्या डोक्यावर ठेवली.

मग त्याने घर साफ करायला घेतलं. वाकळा उकळल्या, भिंती पुसल्या, जमीन सारवली. घरात मांजराचा केस राहिला नाही. इतक्यात निरोप आला की भामाला बरं नाही, शिंका वाढल्या आहेत. हैबती धावत सासुरवाडीला गेला. भामा खाटेवर होती आणि बकुळी भामाच्या पोटावर होती.

सासू मात्र हसत होती. म्हणाली, "जावईबापू, चुकून का होईना, बरं केलंत. बकुळी राहील आता माझ्याकडे. तुम्ही भामाला न्या."

आबालाही ते पटलं. भामाने बकुळीला शेवटचं पोटाशी धरलं, मग हातपाय धुतले, लुगडं बदललं. निघताना सासूने तीच दुरडी कुरडयांनी भरून दिली. हैबतीने दुरडीत डोकावून पाहिलं. जरा वेळ विचार केला. मग कुणाला त्रास नको म्हणून दुरडी स्वतःच घेऊन एकदा आत जाऊन आला.

पुढे दुरडी घेऊन हैबती, मागे भामा. घरी पोचल्यावर भामाने सारवलेली जमीन पाहिली, धुतलेल्या वाकळा पाहिल्या. दारातच तिने खोल श्वास घेतला. शिट्टी वाजली नाही.

"एवढं सगळं तुम्ही केलंत? बसा आता. दुरडी उतरवा, कुरडया तळते."

"कुरडया तिथेच ठेवल्या," हैबती म्हणाला. "तोडीच्या नव्हत्या."

त्याने दुरडीवरचं फडकं सोडलं, आणि भामाला शिंक आली.