छत्तीसवरून एकावर

"पेशी छत्तीस टक्क्यांवरून एकावर आल्या, काका. मग बाई का खालावत चाललीय?"

डॉ. हेमंत लांजेवारने दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

कापगतेकाका चष्मा पुसत राहिले. सरकारी दवाखान्यात सदतीस वर्षं रक्त-लघवी तपासून ते निवृत्त झाले होते आणि आता घराच्या पडवीत लहानशी लॅब चालवत होते. हेमंतला सूक्ष्मदर्शकात बघायला त्यांनीच शिकवलं होतं. पुढे तो एम.डी. झाला, त्याचं वीस खाटांचं हॉस्पिटल उभं राहिलं. गेल्या सहा वर्षांत ही पडवी तो आज पहिल्यांदा चढला होता.

"कोणत्या पेशी?"

"इओसिनोफिल. पांढऱ्या पेशींपैकी." काकांना ठाऊक नसावं अशा सुरात हेमंत सांगू लागला. "शंभरात चार-पाच असतात, तिच्यात छत्तीस. धाप लागायची, छातीत शिट्टी वाजायची. मी दमा धरला. स्टेरॉइड सुरू केलं. तीन आठवड्यांत पेशी एकावर."

"आणि बाई?"

"पोट दुखतं, उलट्या होतात. काल दाखल केलं. पाणीसुद्धा टिकत नाही."

"काम काय करते?"

"धानाची रोवणी."

"अनवाणी?"

"चिखलात चप्पल कोण घालतं, काका?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग हळू आवाजात विचारलं,

"पेशी उतरल्या त्या रोग गेला म्हणून, की तू औषधाने उतरवल्यास म्हणून?"

हेमंत रिपोर्ट पुन्हा चाळू लागला.

"स्टूल पाहिलंस? शौचाचा नमुना?" काकांनी विचारलं.

"केसपेपरवर आहे. दोष नाही."

"पेपरवरचं नाही विचारत. पाहिलंस?"

हेमंतने खिडकीकडे पाहिलं. बाहेर कोणी तरी तांदळाचं पोतं सायकलवर चढवत होतं.

नाही पाहिलं, असं म्हणायला दोन शब्द पुरले असते. पण त्यांच्यामागे बरंच काही होतं. त्या बाईने, गिरजाबाईने, पहिल्या खेपेला नमुना आणला होता. चुन्याच्या जुन्या डबीत, वर फडकं बांधून. ओपीडीत गर्दी होती. हेमंतने नाकाला रुमाल लावला होता आणि सिस्टरला म्हणाला होता, "हे आधी बाहेर न्या. इथे बसवत नाही." रांगेतली माणसं हसली होती. बाई डबी पदराखाली घेऊन निघून गेली, ती दुसरा नमुना घेऊन आलीच नाही. संध्याकाळी कागद पुरे करताना त्याने 'दोष नाही' लिहून टाकलं होतं.

हे सगळं त्याने काकांना सांगितलं. सांगताना त्याचे कान तापले.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"नमुना आण," ते म्हणाले.

हेमंतने सिस्टरला फोन लावायला मोबाईल काढला. काकांनी त्यावर आपला हात ठेवला.

"तू."

तो चालत हॉस्पिटलात गेला. गिरजाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. गालफडं बसली होती. त्याने खाटेशी वाकून नमुन्याचं सांगितलं.

बाईने पदर तोंडावर ओढला.

"नको जी, साहेब," ती म्हणाली. "वास येते."

हेमंत खाटेशेजारी उकिडवा बसला. वॉर्डातल्या बाया बघत होत्या. सिस्टर धावत आली, त्याने तिला मानेनेच थांबवलं.

"मी चुकलो, बाई," तो म्हणाला. "तो पहिला नमुना मी बाहेर न्यायला लावायचा नव्हता."

बाई कोपरावर रेलत उठू लागली. त्याने हात दिला, तिने धरला नाही. सिस्टरचा धरला.

भरल्या बाजारातून हेमंत नमुन्याची डबी घेऊन परत आला. दोन ओळखीच्यांनी नमस्कार केला, एकाने विचारलं, "डॉक्टर, मिठाई का?" त्याने खरं काय ते सांगितलं.

काकांनी खुर्ची सोडली आणि त्याला बसवलं. काच, मिठाच्या पाण्याचा थेंब, काडीच्या टोकावर इवलासा नमुना, वरून दुसरी पातळ काच. सगळं त्यानेच केलं. सहा वर्षांत हात हे काम विसरले होते, थेंब दोनदा सांडला.

मग त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"काय दिसतं?"

"हलतंय," हेमंत म्हणाला. "अळ्या आहेत. एक... तीन... काका, सगळीकडे आहेत."

चिखलातून पायांच्या कातडीत शिरलेले जंत. त्यांच्याशी झुंजायला शरीराने पेशींची फौज उभी केली होती. त्याने ती फौज दम्याची म्हणून मोडली आणि जंतांना रान मोकळं करून दिलं. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुस्तकात त्याने वाचलेलं होतं, परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते.

तो तसाच उठून हॉस्पिटलात गेला. जंतांचं औषध सुरू केलं, स्टेरॉइड बेताबेताने उतरवलं. रोजचा नमुना स्वतः पाहिला. चौथ्या दिवशी बाईला ताप चढला आणि ती हातची जाते असं वाटलं. सातव्या दिवशी पेज पोटात टिकली. तेराव्या दिवशी काचेवर एकही अळी नव्हती. अठराव्या दिवशी गिरजाबाई नवऱ्याबरोबर घरी गेली. जाताना सिस्टरला हात जोडले, आयांना जोडले. हेमंतसमोर आली तेव्हा पदर सारखा केला, खाली पाहिलं आणि पुढे निघून गेली.

त्या दुपारी तो पुन्हा पडवीत येऊन बसला. काका काचा धूत होते.

"वाचली," तो म्हणाला.

काकांनी मान हलवली.

"सगळे माझं कौतुक करतायत, काका. अवघड रोग पकडला म्हणून."

काका काचा धूतच राहिले.

"रात्री डोळा लागत नाही. ती पदराखाली डबी धरून जाताना दिसते. रांगेतली माणसं हसतायत, आणि मीही त्यांच्यात हसतोय."

काकांनी एक काच उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा पाण्यात बुडवली.

"ही लाज कधी जाईल, काका?"

कापगतेकाकांनी हात पुसले.

"लाज गेली, तर उद्या ओपीडीत नाकाला रुमाल लावून कोण बसेल?"