रुमालाखालचा हात

"पण अप्पा, भाव वाढणार हे अख्ख्या सांगलीला ठाऊक आहे. मग भ्यायचं कशाला?"

चिदानंद उभ्यानंच बोलत होता. बसायला त्याला सवड नव्हती.

शिवलिंगअप्पा मठाच्या ओसरीवर बसले होते. एके काळी हळदीच्या बाजारात त्यांचा शब्द शेवटचा. आता ते नदीकाठच्या या मठात राहत, आणि बाजारातली माणसं अडली की त्यांच्याकडे येत.

आपण अडलेलो नाही, असं चिदानंदचं म्हणणं. त्याला सल्ला नको होता, आशीर्वाद हवा होता. एप्रिलात हाती यायची हळद त्यानं आधीच भाव ठरवून मोबाइलवर घेऊन ठेवली होती. वायदा म्हणतात तो हाच. माल बघायचा नाही, उचलायचा नाही, नुसती अनामत भरायची. भाव चढला की नफा. पण आठवडाभर भाव उतरत होता आणि दलाल आणखी अनामत मागत होता. म्हणून आज दुपारी गोदामातली सगळी हळद गहाण पडणार होती. वडील "बाजारात तुरी..." एवढंच म्हणाले आणि उठून गेले. म्हाताऱ्यांना स्क्रीनवरचा धंदा कुठला कळायला!

अप्पांनी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला आणि हात पुढे केला.

सौद्याची ही जुनी रीत. भाव तोंडानं बोलायचा नाही, कापडाखाली बोटं धरून सांगायचा. चिदानंदनं हसत हात आत घातला आणि दोन बोटं दाबली.

"हात कुणाचा?"

"तुमचा."

"आणि तुझ्या वायद्यात पलीकडचा?"

"तिथं नाव कळत नाही, अप्पा."

"तू घेतलंस म्हणजे कुणीतरी विकलं की."

"असेल कुणी मूर्ख."

"अख्ख्या सांगलीला ठाऊक, आणि त्याला एकट्यालाच नाही होय?"

चिदानंद हसला. पण हात काढता येईना; अप्पांनी बोटं घट्ट धरली होती.

"वायदा विकतं कोण, सांग बघू."

"ज्याचा माल गोदामात पडून आहे तो." चिदानंदला हे पाठ होतं. "उद्या भाव कोसळला, तर मालात गेलेलं त्याला वायद्यात मिळतं."

"बरं. तुझ्या गोदामात काय आहे?"

"हळ..."

अप्पांनी हात सोडला.

...

पायरीवर आपण कधी बसलो, ते चिदानंदला कळलं नाही. भाव पडला तर गोदामातही मार, वायद्यातही मार. वडिलांची पेढीच जायची. त्याला भीती वाटली, आयुष्यात पहिल्यांदा.

"अप्पा... एवढंच सांगा. भाव वाढेल ना?"

अप्पांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

"विकणारा काही आला नाही रे, हे विचारायला."