झाकणाखालची माती

गावचा ओढा वाहत होता तेव्हाची गोष्ट. हेमांगी नावाच्या मुलीने ओढ्याकाठची माती काचेच्या पेटीत भरली, तिच्यात एक बेडकी ठेवली आणि घट्ट झाकण लावलं. थोड्याच दिवसांत मातीवर पांढरी बुरशी चढली.

"नीघ इथून," बेडकी खेकसली. "माझं घर नासवलंस."

"मी तुझ्याच ओढ्याची, बाई," बुरशी म्हणाली. "तिथे वारा मला आवरायचा, किडे खायचे. इथे झाकण आहे, म्हणून माजले."

बेडकीला तो वारा आठवला, तरी तिने तोंड फिरवलं.

हेमांगीने ती माती फेकून बाजारातली स्वच्छ माती भरली आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं. बेडकी कोपरान्‌कोपरा हुंगत फिरली. ओढ्याचा वास कुठेच नव्हता.

काही दिवसांनी कोपऱ्यात पुन्हा पांढरं दिसलं. बेडकी उड्या मारत तिथे गेली.

"आलीस? ओढ्याचीच ना तू?"

"कुठला ओढा?" नव्या बुरशीने विचारलं.