उलट्या झबल्याचं विद्यापीठ

"विद्यापीठ साऱ्या नगराला उघडं हवं, पण एकाही अडाण्याचा पाय आत पडता कामा नये!" करंजनगरच्या भूपालराजाने हुकूम सोडला, आणि ते बांधायला नेमलेल्या हैबती गवंड्याच्या हातातली थापी गळून पडली. दार मोठं ठेवलं तर अडाणी घुसणार, लहान केलं तर नगर रुसणार. आणि पाडव्यापर्यंत तोड सापडली नाही, तर हैबतीने बायकापोरांसह राज्य सोडायचं!

घरी त्याची बायको सगुणा तान्ह्याला न्हाऊ घालून नवं झबलं चढवत होती. हैबतीने हुकूम सांगितला, तशी ती लेकराकडेच बघत राहिली. एवढंसं लेकरू घेऊन कुठल्या गावच्या वेशीवर उभं राहायचं? दूध कुठून आणायचं?

"अगं, झबलं उलटं घातलंस," हैबती म्हणाला.

"मग? शिवण बोचू देऊ त्याला?" ती फणकारली. आणि झबल्याचे बंद बांधता बांधता तिचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी पोराला कडेवर घेऊन ती दरबारात उभी राहिली.

"महाराज, तुमची इमारत उलटी करा. पोथ्यांच्या खोल्या मधोमध, आणि चारी बाजूंनी बाजाराकडे तोंड करून रुंद ओटा, वर छप्पर. पंडितांनी ओट्यावर बसून शिकवावं. भाजीवाली येवो नाहीतर घोड्यांचा मोतद्दार, बसावं, शिकावं. नगराला सगळं उघडं, आणि अडाणी काही आत जात नाही."

थोरल्या पंडितांनी नाक मुरडलं. बाजारातल्या धुळीत बसून आम्ही शिकवायचं काय, असं त्यांचं म्हणणं.

"देव पालखीतून रस्त्यावर येतो, पंडितजी. त्याला नाही लागत धूळ?"

पंडित उपरणं झटकत खाली बसले. राजाला मात्र अजून खोट काढायची होती. "मग आत जाणार तरी कोण, बाई?"

"ज्याला सगळं येतं, तो."

"म्हणजे आधी मीच!" राजाने मिशीवर ताव दिला.

तेवढ्यात पोराने भोकाड पसरलं. सगुणेने ते सरळ राजाच्या मांडीवर ठेवलं. "घ्या, एवढं उगी करा."

राजाने चुटक्या वाजवल्या, तुरा हलवला, "अले अले" केलं. पोराने मिशी ओढली, सूर आणखी चढवला आणि राजाचा जरीचा अंगरखा भिजवून टाकला.

"एवढंही येत नाही?" सगुणा म्हणाली. "मग महाराज, आपणही ओट्यावरच बसायचं."

हैबतीने डोळे गच्च मिटले.

आणि राजा असा खदखदून हसला, की पोर रडायचं विसरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिलं.

राजाने हातातलं सोन्याचं कडं पोराच्या झबल्यावर ठेवलं. "तुला काय हवं, बाई?"

"ओट्याच्या तुळयांना पाळण्याच्या कड्या. म्हणजे लेकुरवाळ्यांनाही शिकता येईल."

"लाव रे कड्या, हैबती," राजा ओला अंगरखा झटकत म्हणाला. "आणि पहिल्या पाळण्याजवळची जागा माझी. मला आधी अंगाई शिकायचीय!"